डॉलर वाढला की गेमही महागते?

गोव्यातल्या गेमर ग्रुपांवर फिरणारा जुना फॉरवर्ड: ‘डॉलर वर गेला, आजच गेम घ्या, रात्रीपासून किंमत वाढणार.’

ज्या ऑनलाइन गेम स्टोअरवर किंमत रुपयांत दिसते, तिथं असं होत नाही. गेमची प्रत्येक चलनातली किंमत प्रकाशक, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी, वेगळी ठरवतो आणि तो स्वतः बदलेपर्यंत ती तशीच राहते. समजा, ६० डॉलरची गेम इथं ३,४९९ रुपयांना आहे. डॉलर ८५ वरून ८८ वर गेला, तर हिशेबानं ५,१०० चे ५,२८० होतील, पण तुम्ही भरणार ३,४९९च. मात्र रुपया बराच काळ घसरत राहिला, तर प्रकाशक नवा आकडा लावू शकतो. ती वाढ सहसा एकदम मोठी असते.

पडताळणी सोपी आहे. किंमत-इतिहास दाखवणाऱ्या साइटवर भारत निवडा. सवलती वगळल्या तर आलेखातली किमतीची रेघ महिनोन्महिने सपाट दिसेल. विनिमय दर मात्र रोज हलतो.

बिल डॉलरमध्ये येत असेल तर गोष्ट वेगळी. तिथं कार्डाचा त्या वेळचा दर, बँकेचं परकीय चलन शुल्क आणि त्यावरचा जीएसटी लागतो. म्हणून पैसे भरण्याआधी शेवटच्या पानावरचं चलन नक्की पाहा. मडगाव असो वा म्हापसा, घाई सवलत संपताना करा, डॉलर पाहून नको.