परमुलखातली आर्ट थेरपी : नैतिक प्रश्नांची पार्श्वभूमी

पर्यटनाच्या हंगामात गोव्यातल्या हरमल, मांद्रे, हणजूण या किनारी गावांत योगवर्गांच्या जोडीला आर्ट थेरपीच्या, म्हणजे चित्रकलेतून मनावर उपचार करण्याच्या, कार्यशाळांचे फलकही दिसतात. परदेशी थेरपिस्ट आणि परदेशी पाहुणे एवढ्यापुरते ते असेल, तर तो त्यांचा आपापसांतला मामला. पण तोच थेरपिस्ट गावातल्या मुलांसमोर कागद आणि रंग ठेवतो, तेव्हा त्या चित्रांचा अर्थ कोणी लावायचा, हा प्रश्न उभा राहतो.

‘आर्ट थेरपी’ ही संज्ञा १९४२ साली ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी रूढ केली. क्षयावर उपचार घेत असताना चित्रकलेने आपल्याला उभारी दिली, हा त्यांचा स्वानुभव होता. पुढे अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग यांनी तिला मनोविश्लेषणाची जोड दिली, आणि तिथून चित्र ‘वाचण्याची’ ओढ बळावली. जॉन बक यांनी १९४८ साली मांडलेल्या घर-झाड-माणूस चाचणीत, म्हणजे ही तीन चित्रे काढायला सांगून मन जोखण्याच्या पद्धतीत, घराचे धुराडे हे कुटुंबातील जिव्हाळ्याची खूण मानले जाई. पेडण्यातल्या मुलाच्या चित्रात धुराडे कुठून येणार? त्याच्या घराला उतरते कौलारू छप्पर असते, दारात तुळस असते. शेजारच्या ख्रिस्ती मुलाच्या चित्रात तुळशीच्या जागी खुरीस (क्रूस) असतो. पांढरा रंग एका घरी वैधव्याचा, तर दुसऱ्या घरी नवरीच्या पोशाखाचा. म्हणजे पणजीहून आलेल्या थेरपिस्टलाही इथे जपूनच बोलावे लागेल.

२००४ च्या त्सुनामीनंतर मदतीला धावलेल्या अनेक बाहेरच्या गटांनी मुलांना आपत्तीची चित्रे काढायला लावली आणि ते निघून गेले. उघड्या पडलेल्या दुःखाकडे पुढे कोणी पाहायचे, हे अनेकदा ठरलेलेच नव्हते. आपत्तीतील मानसिक आधाराविषयी २००७ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी म्हणूनच अपाय टाळण्यावर आणि स्थानिकांच्या सहभागावर भर दिला.

गोमंतकीयांना हा वाद अगदीच नवा नाही. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या आबे फारिया यांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. परक्या समाजात उपचार करणारे ते आपलेच गृहस्थ! उपचारकाच्या अंगातून काही शक्ती वाहते, हे तेव्हाचे मत खोडून काढत, घडते ते समोरच्या माणसाच्या मनामुळेच, असे त्यांनी सांगितले. पणजीतला त्यांचा पुतळा मात्र हात पसरून स्त्रीवर प्रभाव टाकतानाचा आहे. त्यांच्या सिद्धान्ताच्या नेमका उलट.

१९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने पुढे स्थानिक, बिगरतज्ज्ञ माणसांनाच समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले, त्यामुळे बोलणाऱ्याला दुभाषाची गरज उरली नाही. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय आर्ट थेरपिस्ट हे बिरुद लावता येत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या फलकाला ती अट कोणी विचारत नाही. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती आणि छायाचित्र माध्यमांना देण्यासाठी त्याची संमती आवश्यक केली आहे, आणि मुलांची चित्रे नावानिशी संकेतस्थळावर टाकून देणग्या मागणाऱ्यांनी निदान तेवढे तरी वाचायला हवे.