घाम फुटला म्हणजे विष उतरलं?

१९७९ चा मे महिना. भोकरदन तालुक्यातलं आमचं गाव, माळवदाचं जुनं घर, दारात लग्नाचा मांडव. माझी आत्या चुलीसाठी गवऱ्या आणायला परसात गेली आणि हात झटकत परत आली. फार ओरडलीसुद्धा नाही. कंदिलाच्या उजेडात कुणीतरी गवऱ्यांखालचा विंचू चपलेने ठेचला. लालसर, बोटाएवढा. "इंगळी नाही, बारका हाय," असं म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. विंचू उतरवणारे बाबा आले, आघाड्याची मुळी उगाळून लावली, मंत्र झाला. तासाभरात आत्या उलट्या करू लागली आणि घामाने निथळली. लुगडं पिळून काढावं इतका घाम. तेव्हा आजी म्हणाली, "घाम फुटला, आता उतरतंय." मी आठ वर्षांचा होतो. आत्याचे पाय चेपायला मला बसवलं होतं आणि ते पाय मेच्या उकाड्यात रांजणासारखे गार लागत होते. पहाटे तिला धाप लागली, तोंडाला लालसर फेस आला. दिवस उगवायच्या आत ती गेली.

विंचूदंशावरच्या संशोधनाचा इतिहास मी वाचायला लागलो तो या एका वाक्यापायी. घाम फुटला, आता उतरतंय. घरातल्या कुणाचीही काळजी कमी नव्हती. प्रत्येकाने घाम पाहिला, गार पाय पाहिले, आणि अर्थ नेमका उलटा लावला. पुढे वाचताना कळलं की त्या काळी भल्याभल्या दवाखान्यांतही फारसं वेगळं घडत नव्हतं.

विंचवाची गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. दगडमातीच्या भिंती, सांदीसपाटीतली ऊब, कडब्याच्या गंज्या, बांधावरचे दगड हे सगळं विंचवाचंच घर. पैठणच्या एकनाथांच्या भारुडातसुद्धा विंचू चावलेल्याच्या अंगाला घाम सुटतो. तिथला विंचू कामक्रोधाचा आहे, अर्थ परमार्थाचा आहे, पण घामाचं निरीक्षण गावातलंच असणार. म्हणजे निदान चारशे वर्षं हे लक्षण आपल्या डोळ्यांपुढे होतं.

मंत्राने विंचू उतरतो हा समज टिकला, त्यालाही कारण आहे. भारतात विंचवांच्या शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या दंशाने आग होते, ठणका लागतो, मुंग्या येतात आणि काही तासांत सगळं आपोआप ओसरतं. आपण जिला इंगळी म्हणून घाबरतो ती मोठी काळी जात दिसायला भयंकर असते, पण तिच्या विषाने माणूस सहसा दगावत नाही. जीव घेतो तो लाल विंचू. शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. आकाराने मध्यम, नांग्या बारीक, शेपूट मात्र जाड. अतिनील किरणांची बॅटरी अंधारात त्याच्यावर टाकली की तो हिरवट-निळा चमकतो. हा गुण जवळपास सगळ्याच विंचवांत असतो. दहा जण मंत्राने बरे झालेले दिसतात, कारण ते तसेही बरे होणारच असतात. अकरावा लाल विंचवाचा निघतो, आणि त्याच्या वाट्याचे तास मंत्रात जातात.

आता विष शरीरात नेमकं काय करतं ते पाहू, कारण सगळ्या उपचाराची किल्ली तिथेच आहे. आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात सोडियम आणि पोटॅशियमच्या ये-जा करण्याच्या सूक्ष्म वाटा असतात. संदेश जाताना सोडियमची वाट क्षणभर उघडते आणि लगेच मिटते. मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि तंतू शांत होतो. लाल विंचवाच्या विषातली छोटी प्रथिनं सोडियमची वाट मिटू देत नाहीत आणि पोटॅशियमची अडवून धरतात. तंतू शांत होतच नाही, संदेश सोडतच राहतो. परिणामी ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन यांचा शरीरात पूर येतो. सुरुवातीला उलट्या, लाळ, घाम. मग रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हातापायांचं रक्त आटतं आणि ते गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय दमतं, मागे फुप्फुसांत पाणी साचतं. तोच तो लालसर फेस. विष थोडंच असतं. जीव जातो तो शरीराने स्वतःच उसळवलेल्या या वादळाने.

मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. राधाकृष्ण मूर्ती यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आणखी एक पदर दाखवला. या वादळात इन्शुलिन दबतं, त्यामुळे शरीराची इंधनाची सगळी व्यवस्थाच विस्कटते. त्यांनी इन्शुलिन आणि ग्लुकोजचा उपचार सुचवला. तो सार्वत्रिक झाला नाही, पण विष म्हणजे फक्त दंशाच्या जागची आग या समजुतीला त्यानेही धक्का दिला.

हे कळायच्या आधीचे उपचार वाचताना अंगावर काटा येतो. गुंगीची औषधं एकत्र करून देत. स्टिरॉइड देत, ॲलर्जीची इंजेक्शनं देत. काही ठिकाणी ॲट्रोपिन देत. ॲट्रोपिनने घाम आणि लाळ आटते, रुग्ण कोरडा दिसतो, नातेवाइकांना बरं वाटतं. पण आधीच धावणारं हृदय त्याने आणखी पळू लागतं. घाम दिसला की घामच थांबवायचा, असा तो प्रकार. आमच्या आजीची चूक आणि ही चूक यांत मला फार अंतर दिसत नाही.

याच आमच्या भोकरदन तालुक्यात देहेड नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकरी घरात १९५१ साली हिंमतराव बावस्कर जन्मले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. या भागातलं पहिलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली औरंगाबादची घाटी, १९५६ साली सुरू झालं. त्यानंतरही खेड्यातल्या मुलाला डॉक्टर होणं सोपं नव्हतं. बावस्कर नागपूरला शिकले आणि सत्तरच्या दशकात नोकरीसाठी रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. कोकणातल्या त्या लाल मातीत लाल विंचू मुबलक. दंश झालेली धडधाकट माणसं आणि मुलं तिथे त्यांच्यासमोर मरत होती, आणि पुस्तकात या दंशाबद्दल जेमतेम काही ओळी होत्या.

त्यांनी जे केलं ते ऐकायला साधं वाटतं. ते रुग्णाशेजारी बसून राहिले. रात्रभर. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब, सगळं वहीत टिपून ठेवलं. त्या टिपणांतून १९८२ साली द लॅन्सेट या नियतकालिकात त्यांचा लेख आला. उलटी, भरपूर घाम, गार हातपाय, आणि पुरुषांत व मुलांत लिंगाची ताठरता ही हृदयावर संकट येणार असल्याची पूर्वसूचना आहे, असं त्यात मांडलं होतं. शेवटचं लक्षण लाजेपोटी घरचे लपवतात, डॉक्टरही विचारत नाहीत. म्हणून ते मुद्दाम इथे लिहितो. याउलट नुसताच प्रचंड ठणका असलेला, पण अंग कोरडं आणि हातपाय कोमट असलेला रुग्ण बहुधा सुखरूप असतो. म्हणजे जो ओरडतोय त्याच्यापेक्षा जो गप्प आणि घामेजलेला आहे, त्याची काळजी करायची. आत्या फार ओरडली नव्हती.

१९८२ चा तो लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आत्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. मी तो वाचून तसाच बसून राहिलो.

रोग कळला, पण औषध कुठलं? रक्तवाहिन्या आवळल्या असतील तर त्या सैल करायच्या, हा तर्क. आधी बावस्करांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते गुणकारी, पण थेंबाथेंबाने शिरेतून द्यावं लागतं, उजेडापासून जपावं लागतं आणि सारखा रक्तदाब मोजत बसावं लागतं. खेड्यातल्या केंद्रात हे कोण करणार? मग आलं प्राझोसिन. रक्तदाबावरची साधी, तोंडाने घ्यायची, स्वस्त गोळी. नॉरॲड्रिनलिन रक्तवाहिन्यांच्या ज्या कुलपांत शिरून त्या आवळतं, ती कुलपंच हे औषध अडवतं. वाहिन्या उघडतात, हृदयावरचा भार उतरतो, दबलेलं इन्शुलिनही पुन्हा सुटू लागतं. १९८६ साली त्यांचा आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरचा लेख लॅन्सेटमध्येच आला. त्यांच्याच नोंदींनुसार पूर्वी गंभीर दंशाचे साधारण ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरलं.

मात्रा वजनावर ठरते, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, आणि हातपाय उबदार होईपर्यंत दर काही तासांनी पुन्हा. सावकाश विरघळणारी गोळी यासाठी चालत नाही. गोळी दिल्यावर रुग्णाला एकदम उठवून बसवलं तर रक्तदाब कोसळतो, म्हणून झोपवूनच ठेवायचं. त्यामुळे ही गोळी घरातल्या डब्यात ठेवून आपली आपण द्यायची नाही. ती दवाखान्याची आहे.

प्रतिविषाची वाट वेगळी आणि लांबची. सापाच्या विषावर घोड्यांच्या रक्तातून प्रतिविष करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. विंचवावरचं प्रतिविष चार्ल्स टॉड यांनी १९०९ साली इजिप्तमध्ये तयार केलं. पण एका जातीचं प्रतिविष दुसऱ्या जातीला चालेलच असं नाही, त्यामुळे इजिप्तचं औषध आपल्या लाल विंचवावर कामाचं नव्हतं. आपल्याकडचं प्रतिविष मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत तयार झालं. ते आल्यावर प्रश्न उभा राहिला की प्राझोसिन असताना त्याची गरज काय? काही डॉक्टरांचं मत होतं की वादळ एकदा उठल्यावर विष आवरून उपयोग नाही.

त्याचं उत्तर २०११ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि तेही बावस्करांच्या महाडच्या दवाखान्यातूनच. विष अंगात भिनल्याची लक्षणं असलेल्या ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण सावरले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. गोळी वादळ थोपवते, प्रतिविष त्याचा उगम बंद करतं. दोन्ही मिळाली तर माणूस लवकर उठतो. मोठमोठ्या संस्थांच्या बरोबरीने एका तालुक्याच्या गावातला छोटा दवाखाना असा प्रयोग करून दाखवतो, याचं मोल मला फार वाटतं. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

अलीकडचं काम विषाच्या बारकाव्यात शिरलं आहे. आसाममधल्या तेजपूर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली लाल विंचवाच्या विषातल्या प्रथिनांची मोजदाद प्रसिद्ध केली. सोडियम आणि पोटॅशियमच्या वाटांवर घाला घालणारी प्रथिनंच त्यात बहुसंख्य निघाली. अडचण अशी की ही प्रथिनं आकाराने फार लहान असतात, घोड्याच्या शरीराला त्यांची ओळख नीट पटत नाही, आणि म्हणून बाजारातलं प्रतिविष त्यांच्याविरुद्ध कमी पडतं. त्यावर तोड म्हणून २०२३ मध्ये प्रतिविषाची कमी मात्रा, प्राझोसिनच्या वर्गातलं औषध आणि क जीवनसत्त्व असं मिश्रण गोलकृमी आणि उंदरांवर तपासलं गेलं. निकाल आशा देणारे आहेत, पण उंदरावरून माणसापर्यंतचं अंतर मोठं असतं.

विषाचा अभ्यास पुढे जातोय. त्याच्या तुलनेत नोंदीकडे दुर्लक्ष आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करायला सांगितलं. विंचू अजून त्या यादीच्या बाहेरच आहे. बीड-जालन्याची ऊसतोड करणारी कुटुंबं दिवाळीनंतर उसाच्या फडाशेजारी कोप्या टाकतात, पाचटावर अंथरूण घालून लेकरांना निजवतात. तिथे रात्री दंश झाला तर तो कुठल्या जिल्ह्याच्या कागदावर चढणार?

गेल्या सप्टेंबरात आमच्या शेजारच्या नऊ वर्षांच्या पोराला सोयाबीनच्या ढिगाऱ्यात विंचू चावला. बापाने मोटरसायकल काढली आणि पाऊण तासात ग्रामीण रुग्णालय गाठलं. मी मागोमाग गेलो. पोराला घाम फुटलेला, ओठ पांढरे. ड्युटीवरच्या सिस्टरने आधी त्याच्या पायाचे अंगठे मुठीत धरून पाहिले, मग डॉक्टरांना हाक मारली. गोळी दिली, सलाईनची सुई लावली, प्रतिविष चढवलं. बापाने उशाशी बसून पोराला मांडीवर घ्यायला हात पुढे केला तर सिस्टर म्हणाली, "निजू द्या, उचलू नका." रात्रभर दर अर्ध्या तासाला ती येऊन ते अंगठे धरून पाहायची आणि तक्त्यात काहीतरी लिहायची. साडेतीनच्या सुमारास तिने बापाचा हात धरून पोराच्या तळपायावर ठेवला.

"बघा, कोमट लागतायत."

मीही हात लावून पाहिला.