ब्रिटनमध्ये भारतीय पासपोर्टवर मतदान : पात्रता, नोंदणी आणि अर्ज अडकण्याच्या जागा

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीसाठी गेलेल्या भारतीय नागरिकाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते, हे सांगितल्यावर बहुतेकांचा विश्वास बसत नाही. राष्ट्रकुल देशाचे नागरिकत्व, देशात राहण्याची वैध परवानगी, प्रत्यक्ष वास्तव्य आणि 18 वर्षे पूर्ण, एवढ्याच अटी आहेत. स्टुडंट व्हिसा चालतो आणि अमुक इतकी वर्षे राहिले पाहिजे अशी अट नाही. मुलाकडे काही आठवड्यांसाठी आलेले आईवडील मात्र रहिवासी ठरत नाहीत, तेव्हा उत्साहाच्या भरात त्यांचा नोंदणी अर्ज भरू नये. तिथल्या मतदार यादीत नाव आल्याने भारतीय नागरिकत्वही जात नाही. ते स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारल्यावर जाते.

गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेल्यांची स्थिती उलटी आहे. त्यांना स्थानिक निवडणुकीत मत आहे, संसदेच्या नाही. म्हणजे एकाच घरातला भारतीय पासपोर्टवाला भाऊ खासदार निवडतो आणि युरोपीय झालेला भाऊ फक्त नगरसेवक. नागरिक नसलेल्यांना मताधिकार असावा का, हा वाद तिथे जुना आहे. ब्रिटनचे माजी महान्यायवादी लॉर्ड गोल्डस्मिथ यांच्या 2008 च्या अहवालाने राष्ट्रकुल नागरिकांचा हा हक्क पुढे बंद करावा असे सुचवले होते. तसे झालेले नाही, आणि कायद्याने दिलेला हक्क केवळ अर्ज न केल्यामुळे वाया घालवण्यात काही शहाणपण नाही.

नोंदणी सरकारी संकेतस्थळावर काही मिनिटांत होते. अडते ते नॅशनल इन्शुरन्स क्रमांकापाशी, म्हणजे तिथे नोकरी आणि करासाठी मिळणाऱ्या वैयक्तिक क्रमांकापाशी. नव्या विद्यार्थ्याकडे तो नसतो आणि तो अर्ज अर्धवट सोडतो. खरे तर क्रमांक नसल्याचे कारण लिहून अर्ज पुढे नेता येतो. त्यानंतर कौन्सिल (स्थानिक स्वराज्य संस्था) ओळखीची कागदपत्रे मागवते आणि ते पत्र सामायिक घराच्या दाराशी जाहिरातींच्या ढिगात पडून राहते. उत्तर गेले नाही तर नोंदणी होत नाही, म्हणून अर्जानंतर टपाल आणि ईमेल दोन्ही पाहत राहावे. दुसरा गैरसमज कौन्सिलच्या वार्षिक घरपत्रकाचा, म्हणजे घरात कोण राहते हे विचारणाऱ्या पत्रकाचा. घरमालकाने त्यात तुमचे नाव लिहिले म्हणजे नोंदणी झाली असे नव्हे. प्रत्येकाला स्वतःचा अर्ज करावाच लागतो.

नाव पासपोर्टप्रमाणे लिहावे. आपल्याकडे मधले नाव कधी वडिलांचे, कधी पतीचे, आणि लग्नानंतर आडनाव बदललेले पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा, अशी उदाहरणे पुष्कळ. यादीतले आणि ओळखपत्रावरचे नाव वेगळे असेल तर विवाह प्रमाणपत्र मतदान केंद्रावर सोबत न्यावे.

नोंदणीची मुदत मतदानाच्या 12 कामकाजाच्या दिवस आधी, मध्यरात्री संपते. शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्ट्या) मोजायचे नाहीत, आणि नेमकी इथेच चूक होते. 4 जुलै 2024 च्या निवडणुकीसाठी शेवटचा दिवस 18 जून होता. कॅलेंडरवर बारा दिवस मोजून 22 तारखेला अर्ज करणाऱ्याला त्या निवडणुकीत मत मिळाले नाही. टपाली मतदानाचा अर्ज वेगळा करावा लागतो.

मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र लागते. भारतीय पासपोर्ट चालतो, अगदी मुदत संपलेला असला तरी, फक्त फोटोवरून ओळख पटली पाहिजे. आधार, भारतीय वाहन परवाना आणि विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नाही. फोनवरचा ई-व्हिसाही चालत नाही: एकीकडे शासनाने निवास परवान्याची कार्डे बंद करून सगळ्यांना ई-व्हिसावर आणले आणि दुसरीकडे मतदानाच्या दिवशी तेच शासन हातात धरता येईल असे कार्ड मागते. पासपोर्ट व्हिसाच्या किंवा नूतनीकरणाच्या कामात अडकलेला असेल आणि दुसरे मान्य ओळखपत्र नसेल, तर मतदार ओळख प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. त्याचा अर्ज मतदानाच्या 6 कामकाजाच्या दिवस आधी, संध्याकाळी 5 पर्यंत पोहोचला पाहिजे. हे प्रमाणपत्र यादीत नाव असलेल्यालाच मिळते, त्यामुळे नोंदणी आधी आणि हा अर्ज नंतर, हा क्रम चुकवू नये.