पळाल्याने नशा सुटते ती एंडॉर्फिनमुळे नव्हे

ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडी, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आणला. तेव्हापासून इथे कुठेही हा विषय निघाला की गाडी ‘पोरांना मैदानावर न्या’ यावर येऊन थांबते. सल्ला चांगलाच आहे. कारण मात्र चुकीचं सांगतात: पळालं की एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक रसायन, सुटतं, मग नशा कशाला हवी? अहो, रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. खरी गंमत डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे पेशीवरच्या ते झेलणाऱ्या प्रथिनांमध्ये आहे.

एका चेतापेशीतून सुटलेलं डोपामिन पुढच्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि ‘हे पुन्हा कर’ असा निरोप पोहोचतो. काम झालं की वाहक प्रथिनं ते परत आत ओढतात. एमडी आणि त्याचा भाऊबंद मेथ (मेथॅम्फेटामिन) या वाहकांनाच उलटं फिरवतात. डोपामिन आत यायच्या ऐवजी बाहेर ओतलं जातं. डीजेच्या भिंतीसमोर आपण कानात बोळे घालतो, तसं मेंदूही करतो. सतत मेथ घेणाऱ्यांत डोपामिनचे डी-2 प्रकारचे रिसेप्टर कमी आढळतात. नशा उतरते, बोळे तसेच. मग समोर आवडीची झणझणीत मिसळ असली तरी पोरगं दोन घास खाऊन ताट सरकवतं.

2016 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या संशोधकांनी मेथ सोडण्यासाठी केंद्रात दाखल झालेल्या 19 जणांचा अभ्यास केला. त्यांतल्या 10 जणांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर व्यायाम दिला. मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये त्यांच्या स्ट्रायटममधल्या (मेंदूच्या आतल्या, डोपामिनचा निरोप घेणाऱ्या भागातल्या) डी-2 आणि त्याच जातकुळीच्या डी-3 रिसेप्टरची उपलब्धता सुमारे 15 टक्क्यांनी वाढलेली दिसली; उरलेल्यांत फारसा फरक नव्हता. (‘उपलब्धता’ म्हणजे थेट संख्या नव्हे. आधीच डोपामिन चिकटलेला रिसेप्टर स्कॅनला दिसत नाही.)

लगेच हुरळून जाऊ नका. 2017 च्या अमेरिकेतल्या 302 जणांच्या चाचणीत व्यायाम करणाऱ्यांची नशा ठळकपणे जास्त सुटली असं दिसलं नाही. ठरवून दिलेला व्यायाम पुष्कळांनी पुरा केलाच नव्हता. तरीही ‘रुग्णाला न सांगता जेवणात मिसळा’ छाप पुड्यांपेक्षा हे बरं. त्या पुड्यांत काय असतं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

दारू एकदम तोडली तर आकडी येऊ शकते, तेव्हा आधी डॉक्टर. नाशिकच्या कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक त्यानंतर, आणि सोबत कुणीतरी हवंच. पहिले काही आठवडे नशा सोडणाऱ्या पोराला धावण्यात काडीची मजा येणार नाही, कारण ती मजा ज्यांच्यामुळे कळते ते रिसेप्टरच अजून जागेवर आलेले नसतात.