बी-स्कूलचे शिक्के, नंबर आणि सोशल इम्पॅक्ट: हे सगळं आलं कुठून

एमबीए सीईटीचा निकाल लागला की पुण्यात बी-स्कूलची, म्हणजे मॅनेजमेंट कॉलेजांची, होर्डिंग चालू होतात. दर्जा तपासणाऱ्या नॅकची ग्रेड, तशाच एनबीएची मान्यता, एनआयआरएफ या सरकारी रँकिंगमधला नंबर आणि खाली 'सामाजिक बांधिलकी', सगळं एका ओळीत. आईवडिलांना वाटतं हे एकच काहीतरी आहे, पण यातला प्रत्येक शिक्का वेगळ्या काळात आणि वेगळ्या कारणासाठी आलाय, म्हणून जरा मागे जाऊन बघायला हवं.

बी-स्कूलचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थांत सगळ्यात जुनी एएसीएसबी, अमेरिकेतल्या विद्यापीठांनी 1916 मध्ये काढली, कारण तेव्हा कॉमर्सच्या शिक्षणाला कोणी फारसा मान देत नव्हतं आणि काहीतरी किमान दर्जा ठरवणं भाग होतं. लंडनची अँबा 1967 ची, ती मुख्यतः एमबीए कोर्स तपासते. युरोपची इक्विस 1997 ची. तिन्हींची मान्यता मिळाली की ट्रिपल क्राउन म्हणतात, जगात जेमतेम एक टक्का बी-स्कूलकडे आहे, भारतात पहिल्यांदा आयआयएम कलकत्त्याला मिळाला. आपल्याकडे नॅक आणि एनबीए दोन्ही 1994 चे, नॅक अख्खं कॉलेज बघतं आणि एनबीए एकेक कोर्स.

रँकिंगचा उगम मात्र मासिकं-वर्तमानपत्रांत आहे. बिझनेसवीकने 1988 मध्ये एमबीए शाळांची यादी छापली, फायनान्शियल टाइम्सने 1999 मध्ये, आणि तिथे बरीच वर्षं 40 टक्के वजन माजी विद्यार्थ्यांच्या पगाराला होतं. म्हणजे ग्रामीण बँकेत किंवा एनजीओत जाणारा मुलगा बी-स्कूलचा नंबर खाली ओढणार! नंबरासाठी लोक कुठवर जातात तेही दिसलंय, अमेरिकेत टेंपल विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलने खोटे आकडे देऊन ऑनलाइन एमबीएचा पहिला नंबर सलग चार वर्षं टिकवला आणि 2021 मध्ये तिथले माजी डीन कोर्टात दोषी ठरले. आपल्याकडे फेब्रुवारी 2025 मध्ये चांगल्या ग्रेडसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी पथकातल्या लोकांना अटक केली. ज्या शिक्क्यावर लाखोंची फी भरायची की नाही हे ठरतं, तिथे असं होणं फार गंभीर आहे.

आता सोशल इम्पॅक्ट. जागतिक पातळीवर हा विषय खूप उशिरा आला, 2007 मध्ये युनोच्या पुढाकाराने जबाबदार मॅनेजमेंट शिक्षणाची प्राइम तत्त्वं आली, त्यात 2008 च्या आर्थिक संकटानंतर लोक बी-स्कूललाच जाब विचारायला लागले, आणि 2020 मध्ये एएसीएसबीने समाजावरचा परिणाम आपल्या निकषांतच घातला. त्याच वर्षी पॉझिटिव्ह इम्पॅक्ट रेटिंग सुरू झालं, त्यात विद्यार्थी स्वतः आपल्या शाळेला मार्क देतात आणि शाळांना नंबर न देता पाच पातळ्यांत ठेवतात. मला ही पद्धत जास्त पटते.

पुण्यात मात्र हा विचार शिक्क्यांच्या कितीतरी आधीचा. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 ची, शिक्षण स्वस्त व्हावं म्हणून शिक्षकांनी कमी पगारावर आयुष्य घालवलं. त्याच सोसायटीचं बीएमसीसी हे कॉमर्स कॉलेज 1943 चं आणि आयएमडीआर हे मॅनेजमेंट कॉलेज 1974 चं. गोखले इन्स्टिट्यूट 1930 ची, तिथे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्यात घरोघरी माणसं पाठवून कोण काय कमावतं, कसं राहतं याची पाहणी केली आणि मग हाच माणूस विठ्ठलराव विखे पाटलांच्या सोबतीने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा करायला गेला, त्याचा पहिला चेअरमन झाला. सहकाराचं मॅनेजमेंट शिकवणारी वैकुंठ मेहता संस्था 1967 पासून इथेच आहे. पुढे 1971 मध्ये पुणे विद्यापीठाचं एमबीए शिकवणारं पुम्बा आलं, 1978 मध्ये सिम्बायोसिसचं बी-स्कूल एसआयबीएम आलं आणि मग खासगी कॉलेजांची रांगच लागली.

एनआयआरएफची पहिली यादी 2016 ची. त्यात आउटरीच आणि इन्क्लुझिव्हिटीला 10 टक्के वजन आहे, म्हणजे मुली किती, बाहेरच्या राज्यातले किती, आर्थिक किंवा सामाजिकदृष्ट्या मागास किती. नॅकमध्ये समाजकार्यासाठी अहवाल आणि जिओटॅग केलेले, म्हणजे कुठे काढले त्याची नोंद असलेले फोटो लागतात, त्यामुळे वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, वारीतलं पाणीवाटप यांच्या फायली जाडजूड होतात. ही कामं चांगलीच आहेत, पण नंतर गावात काय बदललं हे फोटोत दिसत नाही.

कॉलेज निवडताना म्हणून एक गोष्ट नक्की करा. एनआयआरएफला दिलेली माहिती कॉलेजला वेबसाइटवर टाकावी लागते, ती पीडीएफ उघडा. प्लेसमेंटचा मीडियन, म्हणजे बरोबर मधला, पगार तिथे असतोच, होर्डिंगवर असतो तो सगळ्यात मोठा. त्याच फाइलमध्ये आणखी एक तक्ता असतो, किती मुलांची पूर्ण फी सरकारने भरली, किती जणांची कॉलेजने स्वतःच्या पैशातून आणि किती जणांची बाहेरच्या कोणी. कॉलेजच्या रकान्यात शून्य असेल तर ॲडमिशनच्या वेळी त्याबद्दल स्पष्ट विचारा.