बुलेटप्रूफ वेगळी, सुरुंगरोधी वेगळी

परभणीत मी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना शिकवतो. दर बॅचमध्ये कुणीतरी ठामपणे सांगतं, "सर, पोलिसांची ती महिंद्राची मार्क्समन म्हणजे सुरुंगरोधी गाडी." बातम्यांतही तेच. उंच, जाड काचांची, गोळीबारासाठी भोकं ठेवलेली गाडी दिसली की तिला 'माईनप्रूफ' म्हणून मोकळे होतात. जालना-हिंगोलीच्या एसआरपी गटांतली आपली पोरं गडचिरोलीला बंदोबस्ताला जातात, म्हणून मला ही चूक सहन होत नाही.

बुलेटप्रूफ गाडी सगळ्यांना कळते. कडक पोलाद, थरांची काच, गोळी अडली की काम झालं. महिंद्राची मार्क्समन या जातीची. तिचा तळ फार तर हातगोळा सोसेल असा असतो. नाटोच्या स्टॅनाग ४५६९ या मोजपट्टीत तळाच्या संरक्षणाची पहिली पायरी हातगोळ्याचीच आहे. दुसरी पायरी एकदम ६ किलो स्फोटकाच्या सुरुंगाची, तिसरी ८ आणि चौथी १० किलोची. पहिली चढलेली गाडी दुसरीवर आपोआप जात नाही.

कारण गोळी आणि सुरुंग माणसाला एकाच रीतीने मारत नाहीत. गोळी आत शिरली तर मारते. सुरुंगाला आत शिरायची गरजच नसते. गाडीचा तळ न फाटतासुद्धा एका क्षणात वर उसळतो आणि त्यावर टेकलेले पाय मोडतात, धक्का मणक्यात जातो, डोकं छताला आदळतं. तळाला आणखी जाड पत्रा ठोकला तरी हा धक्का चुकत नाही. सपाट तळ म्हणजे स्फोटाचा सगळा जोर छातीवर घेणं.

म्हणून सुरुंगरोधी गाडीचा सगळा विचार खालून सुरू होतो. आपल्याकडचं दुपाखी पत्र्याचं छप्पर उलटं करून गाडीखाली लावलंय असं समजा. छपरावरून पाणी जसं दोन्हीकडे ओघळतं तसा स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना निघून जातो. तळ जमिनीपासून उंच, कारण अंतर वाढलं की जोर झपाट्याने उतरतो. चाकं, अॅक्सल तुटून गेले तरी चालतात, माणसं बसलेली पेटी शाबूत राहिली पाहिजे. आतली आसनं तळाला बोल्ट केलेली नसतात, भिंतीला किंवा छताला टांगलेली असतात.

दक्षिण आफ्रिकेची कॅस्पिर ही या घराण्यातली जुनी गाडी. चाकाखाली २१ किलो, पोटाखाली १४ किलो टीएनटी स्फोटक सोसेल अशी ती बांधलेली. भारतीय लष्कराने ती घेतली, आणि नांदेडच्या पलीकडे तेलंगणात मेदकच्या आयुध कारखान्यात त्याच धर्तीची 'आदित्य' तयार झाली.

जानेवारीत पोलीस रेझिंग डेच्या प्रदर्शनात मी पोरांना चिलखती गाडीजवळ उभं राहून फोटो काढू देत नाही, आधी खाली वाकायला लावतो. सपाट पत्रा आणि त्याला चिकटलेला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा दांडा, दिसला की वरचं चिलखत कितीही जाड असो, ती बुलेटप्रूफच. अपवाद आहेत, नव्या काही गाड्यांत सपाट दिसणाऱ्या तळाच्या आतही युक्ती असते, पण पोलिसांच्या ताफ्यात हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो.

'माईनप्रूफ' हा शब्द तर मला अजिबात मान्य नाही. पुरलेला स्फोटक साठा २१ किलोपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो, तेव्हा आदित्यसारखी गाडीही उलटीपालटी होते. म्हणून नक्षली भागात जवान पुढचा रस्ता पायी तपासतात. १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ १५ जवान आणि चालक गेले, ते साध्या खासगी गाडीत होते. तिथे ना वरचं चिलखत होतं, ना खालचा उतार.

टांगलेलं आसनही पट्टा लावला तरच कामाचं, नाहीतर माणूस छतावर आदळतोच. पट्टा काचतो, उतरायला वेळ लागतो, म्हणून पोरं तो सोडून बसतात. माझा विद्यार्थी तिकडून फोन करतो तेव्हा जेवणाखाण्याच्या आधी मी पट्ट्याचं विचारतो.