घरगुती तरणतलावातील क्षारथर आणि स्टॅबिलायझर

तरणतलावात पाणी जिथे फरशीला टेकते, तिथे काही महिन्यांत बोटभर रुंदीची पांढुरकी, खरखरीत रेघ उमटते. हा क्षारथर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. गिझरच्या कॉइलवर किंवा पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाला धरतो तोच हा क्षार. स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक आम्ल. उन्हात क्लोरीन टिकून राहावे म्हणून ते तलावात घालतात (फ्रिजला जोडतात त्या उपकरणाशी त्याचा नावापुरताच मेळ). क्षार आणि स्टॅबिलायझर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पण त्यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो. तलावाची वाफ होते तेव्हा नुसते पाणी उडते आणि त्यात विरघळलेले सगळे मागे राहते.

महाराष्ट्रात हा हिशेब लवकर चढतो. फार्महाउस, बंगले आणि व्हिला यांचे तलाव बहुधा बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर भरलेले असतात, आणि बेसॉल्ट खडकातले भूजल अनेक ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. हा जडपणा म्हणजेच काठिण्य. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. त्यामुळे पिण्याला चालणारे पाणीही तलावाला जड पडू शकते. उदाहरणार्थ, ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात रोज ६ मिलिमीटर वाफ झाली तर १९० लिटरच्या आसपास पाणी भरावे लागते. भरायच्या पाण्यात कॅल्शियमचे काठिण्य ४०० पीपीएम (म्हणजे लिटरला ४०० मिलिग्रॅम) असेल, तर शंभर दिवसांत साडेसात किलोहून अधिक क्षार तलावात उतरतो आणि काठिण्य सुमारे १७० पीपीएमने वाढते. तलावातले पाणी तेवढेच दिसते, पण त्याच्या पोटातले ओझे वाढलेले असते.

भूजलात कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले असते आणि पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते तसे राहते. पाणी तापले, ढवळले किंवा काठावरून खाली सांडले की हा वायू उडून जातो, पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप; आम्लता घटली की ते चढते) चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडते. साखर-मीठ गरम पाण्यात अधिक विरघळते, याचे उलट. म्हणून थर सर्वांत आधी पाण्याच्या रेघेवर, धबधब्याच्या कडेवर, हीटरमध्ये आणि मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या सेलच्या पट्ट्यांवर दिसतो. दरीकडे पाणी सांडत असल्याचा भास देणारे तलाव दिसायला सुंदर असतात, पण त्यांच्या सांडत्या कडेला क्षाराचा जाच सर्वाधिक होतो.

पाणी क्षार सोडेल की खाईल, हे एका आकड्यावरून ठरत नाही. पीएच, तापमान, कॅल्शियमचे काठिण्य, क्षारता (आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेटची) आणि विरघळलेले एकूण घटक एकत्र पाहावे लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्फ्रेड लँजेलियर यांनी १९३६ मध्ये नळपाण्याच्या वाहिन्यांसाठी मांडलेला निर्देशांक आज तरणतलावांनाही लावतात. तो शून्याच्या आसपास असला की पाणी समतोल, बराच वर गेला की थर धरतो, बराच खाली गेला की पाणी भुकेले होऊन फरशीच्या सांध्यातले सिमेंट खाते. रोजच्या व्यवहारात पीएच ७.२ ते ७.८, क्षारता ८० ते १२० आणि कॅल्शियमचे काठिण्य २०० ते ४०० पीपीएम राखतात. बोअरच्या पाण्याला हा शेवटचा आकडा पाळणे जड जाते, तेव्हा पीएच आणि क्षारता खालच्या अंगाला ठेवून समतोल साधावा.

स्टॅबिलायझरचे काम सूर्याशी निगडित आहे. क्लोरीन पाण्यात ज्या रूपात राहते ते अतिनील किरणांनी मोडते. उघड्या तलावात सकाळी घातलेले क्लोरीन स्टॅबिलायझर नसेल तर दुपारपर्यंत जवळजवळ संपते. सायन्युरिक आम्ल क्लोरीनला सैल धरून ठेवते आणि लागेल तसे सोडते. हे आम्ल फ्रीड्रिख व्होलर यांनी १८२९ मध्ये युरिया आणि युरिक आम्ल तापवून प्रथम तयार केले. साध्या तलावात ३० ते ५० पीपीएम पुरते, मिठापासून क्लोरीन बनवणारा सेल बसवलेल्या तलावात ६० ते ८० ठेवतात, आणि १०० ही वरची हद्द मानावी. आत, छपराखाली असलेल्या तलावाला त्याची गरज नसते.

अडचण होते ती गोळ्यांमुळे. बाजारात ‘टीसीसीए ९०’ नावाने मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळीत वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग सायन्युरिक आम्लाचा असतो. वरच्या ४५,००० लिटरच्या तलावात २०० ग्रॅमची एक गोळी सुमारे ४ पीपीएम क्लोरीन देते आणि जाता जाता जवळजवळ अडीच पीपीएम स्टॅबिलायझर ठेवून जाते. दोन दिवसांआड एक म्हणता म्हणता पन्नास गोळ्या विरघळल्या की स्टॅबिलायझर सव्वाशे पीपीएमच्या जवळ पोहोचतो. क्लोरीन खर्च होते, स्टॅबिलायझर साचत राहते. मग चाचणीत क्लोरीन भरपूर दिसते, तरी पाणी हिरवट होते, कारण बहुतेक क्लोरीन बांधलेले असते आणि शेवाळाला मारायला मोकळे उरत नाही. अशा वेळी आणखी गोळ्या टाकणे म्हणजे दुखणे वाढवणे. ढोबळ नियम असा की चाचणीत दिसणारे क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. ४० पीपीएमला ३ पुरते, १२० पीपीएमला ९ लागते.

गोळ्या सोडून ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरावे, तर पाण्यात कॅल्शियम वाढते. म्हणजे एका औषधाने स्टॅबिलायझर चढतो, दुसऱ्याने क्षार. आधीच जड पाणी असलेल्या घरी द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट हाच बरा पर्याय आहे. त्याची ताकद लवकर उतरते आणि तो वाहून आणायला त्रासाचा असतो, पण कॅल्शियम आणि स्टॅबिलायझर दोन्ही जागेवर राहतात. गोळ्यांमुळे पीएच आणि क्षारता घसरते, म्हणून काही जण धुण्याचा सोडा मूठमूठ ओततात. जड पाण्यात तो पडला की तिथल्या तिथे पीएच उसळतो आणि क्षणात पाणी दुधाळ होते. ती दुधाळी म्हणजे बाहेर पडलेला क्षारच. सोडा बादलीत विरघळवून, थोडा थोडा, पंप चालू ठेवून घालावा.

क्षार आणि स्टॅबिलायझर यांच्यात आणखी एक छुपा धागा आहे. क्षारतेच्या चाचणीत सायन्युरिक आम्लाचाही वाटा मोजला जातो. नेहमीच्या पीएचला स्टॅबिलायझरचा साधारण एकतृतीयांश आकडा क्षारतेतून वजा करावा लागतो. क्षारता १०० आणि स्टॅबिलायझर १२० असेल, तर खरी कार्बोनेट क्षारता ६० च उरते. ही वजाबाकी विसरली की कागदावर समतोल दिसणारे पाणी प्रत्यक्षात सिमेंट खात असते.

स्टॅबिलायझर मोजायची घरगुती पद्धत सोपी आहे. तलावाचे पाणी आणि मेलामाइनचे द्रावण समप्रमाणात मिसळले की ते गढूळ होते. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतायचे आणि ठिपका दिसेनासा झाला की खुणेवरचा आकडा वाचायचा. ही चाचणी दिवसाउजेडीच करावी. आकडा शंभरापाशी अडला तर निम्मे तलावाचे आणि निम्मे नळाचे पाणी घेऊन पुन्हा मोजावे आणि आलेला आकडा दुप्पट करावा.

थर काढण्याआधी त्याची जात ओळखावी. खपलीवर ॲसिडचा एक थेंब टाकताच फसफसले तर कॅल्शियम कार्बोनेट. न फसफसणारा, करडा आणि काचेसारखा कडक थर कॅल्शियम सिलिकेटचा असू शकतो. त्यावर घरगुती उपाय चालत नाहीत, जाणकार कारागिरांकडून तो घासून काढावा लागतो. पातळ कार्बोनेट थरासाठी सर्वांत हलका उपाय वेळेचा आहे. पीएच ७.२ च्या आसपास आणि क्षारता ६०–७० ठेवून काही आठवडे नियमित ब्रश मारला की पाणीच थर परत विरघळवते. रेघेवरच्या थरासाठी पाण्याची पातळी वीतभर उतरवून लिंबूसत्त्वाचे द्रावण लावावे, दहा मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशने घासावे. टाइलवर ओला प्यूमिस दगड चालतो, पण फायबरग्लास आणि व्हिनाइलवर ओरखडे पडतात.

हायड्रोक्लोरिक आम्ल शेवटी. ते थरासोबत सांध्यातले सिमेंटही खाते, आणि काठाला कोटा, शहाबाद किंवा कडाप्पा बसवलेला असेल तर तिथे अजिबात नको. हे तिन्ही चुनखडीचेच दगड आहेत, थर आणि दगड यांत आम्ल भेद करत नाही. वापरायचेच झाले तर हातमोजे आणि चष्मा घालून, पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही नाही. ब्लीचिंग पावडर किंवा गोळ्यांना ते लागता कामा नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एकाच डब्यात मिसळल्यास आग आणि स्फोटही होऊ शकतो. डबे आणि मापेही वेगळी ठेवावीत.

चढलेला स्टॅबिलायझर खाली आणायचा सर्रास उपाय एकच, पाणी बदलणे. १२० चे ४० करायचे तर तलावातले दोनतृतीयांश पाणी काढावे लागते, म्हणजे इथे ३०,००० लिटर. गावात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत असताना हे मे महिन्यात करणे योग्य नाही. तोवर क्लोरीन वर ठेवून गोळ्या बंद कराव्यात आणि बदल पावसावर सोडावा. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम नगण्य असते आणि स्टॅबिलायझर नसतोच. लोणावळा, महाबळेश्वर किंवा कोकणात पडणारा पाऊस तलावाच्या खोलीहून अधिक असतो. पातळी आधीच थोडी उतरवून ठेवली आणि जादा पाणी तळाकडून काढत राहिले की पाऊसच ओझे धुऊन नेतो. क्लोरीनचे पाणी मात्र ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नये. पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामाही करू नये, भोवतालचे भूजल तळ उचलू शकते आणि फरशा फुटतात.

पावसाळा सरताना चित्र उलटते. पाणी आता मऊ आणि भुकेले झालेले असते, स्टॅबिलायझरही जवळजवळ संपलेला असतो. कॅल्शियम चढवायला वेगळे रसायन आणण्याची गरज सहसा पडत नाही. वर्षभर त्रास देणारे बोअरचे पाणीच तेव्हा औषध ठरते. स्टॅबिलायझर मोजून, ३० पीपीएमसाठी या तलावाला १.३५ किलो, सुती पिशवीत बांधून पाणी परत येणाऱ्या तोंडापुढे टांगावा आणि अधूनमधून पिशवी दाबावी. तो सावकाश विरघळतो, म्हणून पुढचे मोजमाप आठवड्याने घ्यावे.